एअरब्रश तुंबतो कशानं? रंग जाड असतो म्हणून नव्हे

चवथीआधी पाट द्यायला आम्ही फोंड्याजवळच्या चित्रशाळेत गेलो, तेव्हा मूर्तिकार स्प्रे गननं पितांबरावर पिवळा मारत होते. कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडत होता. एक मूर्ती झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. हात थांबत नव्हता. वास्कोहून आलेला भाचा एकटक बघत राहिला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "मामा, ह्यांची गन सकाळपासून चालू आहे. माझा एअरब्रश पाच मिनिटांत तुंबतो. असं का?"

भाचा प्लास्टिकच्या विमानांची किट जोडतो. हे वेड लागलं बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयामुळे. दाबोळी विमानतळाच्या अंगाला असलेलं हे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरची सी हॅरियर विमानं मे २०१६ मध्ये निवृत्त झाली. तोवर ती त्याच्या घरावरून गडगडत जायची. आता त्याच सी हॅरियरचं १/७२ मापाचं किट त्याच्या टेबलावर आहे. खरं विमान साडेचौदा मीटर लांब, हे जेमतेम वीस सेंटिमीटर.

कुंचला सोडून एअरब्रश, म्हणजे रंगाची चिमुकली स्प्रे गन, घ्यायचं कारण या मापातच आहे. कुंचल्यानं दिलेला थर ०.१ मिलिमीटर जाड झाला, तर बहात्तर पटींच्या हिशेबानं तो खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा गिलावा होतो. पत्र्यांचे जोड, रिव्हेट सगळं बुजतं. एअरब्रशनं थर पातळ आणि सारखा बसतो. अर्थात तो चालला तर.

## फ्लिटचा पंप आठवतोय?

डासांसाठी फ्लिट मारायचा तो जुना पत्र्याचा पंप ज्यांनी हाताळलाय, त्यांना एअरब्रश निम्मा समजलेलाच आहे. नळीच्या तोंडावरून हवा जोरात गेली की तिथला दाब उतरतो, द्रव आपोआप वर ओढलं जातं आणि त्याच हवेत फुटून त्याचा धुरळा होतो. एअरब्रश हेच करतो, फक्त पेनाएवढ्या आकारात आणि फार नेमकेपणानं. रंगाचा छोटा कप वर, हवा कॉम्प्रेसरमधून. ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की रंग.

रंगाची वाट मात्र फारच अरुंद. पुढच्या टोकाला नोझल नावाची शंकूच्या आकाराची चिमुकली टोपी असते. तिचं भोक ०.२, ०.३ किंवा ०.५ मिलिमीटरचं. या भोकात मधोमध एक अणकुचीदार सुई बसलेली असते. ट्रिगर ओढला की सुई किंचित मागे सरते आणि तिच्याभोवती फट उघडते. म्हणजे ०.३ च्या नोझलमधली खरी वाट ०.३ पेक्षाही बारीक. शिवाय सुईचं टोक नोझलच्या बाहेर आलेलं असतं, थेट हवेच्या झोतात. हे टोक लक्षात ठेवा, गुन्हा तिथेच घडतो.

## तुंबणं दोन प्रकारचं

पहिला प्रकार कुळागरवाल्यांना सांगायला नको. पावसात पोफळींवर बोर्डो मारताना मोरचूद-चुन्याचं पाणी फडक्यातून गाळलं नाही, तर पंपाचं नोझल तुंबतं. चुन्याचा खडा अडकतो, झालं. एअरब्रशमध्येही असा खडा येतो, पण तो रंगाच्या पुडीचा नसतो. चांगल्या रंगातले कण मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपासचे असतात. नोझलमधून ते शेकड्यांनी शेजारीशेजारी जातील. अडकते ती खपली. बाटलीच्या झाकणाला, गळ्याला वाळून बसलेला रंग झाकण फिरवताना सुटून आत पडतो आणि तिथून कपात येतो. त्यावर उपाय बोर्डोचाच: गाळून घ्या. जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा पुरतो.

पण भाच्यानं रंग गाळला होता, तरी तुंबला. हा दुसरा प्रकार, आणि दहातल्या आठ वेळा दोषी हाच असतो असं माझं मत आहे. त्याला टिप ड्राय म्हणतात. मी पुढे ‘टोकाशी वाळणं’ म्हणेन. सुईच्या उघड्या टोकावर रंगाचा अगदी पातळ ओला पापुद्रा असतो आणि त्याच्यावरून सतत हवा वाहत असते. जुलैत उन्हाचं नाव नसताना आपण कपडे कशावर वाळवतो? पंख्याखाली. इथे पंखा कॉम्प्रेसरचा आणि कपडा तिळाहून लहान. काही मिनिटांत टोकावर रंगाचा मणी धरतो. त्याच्यावर पुढचा रंग अडतो, तोही वाळतो, मणी वाढत जातो. मग फवारा एका बाजूला जातो, मध्येच थुंकल्यासारखे थेंब उडतात, शेवटी नुसती हवा येते.

## पण पुन्हा ओला केला की विरघळेल ना?

इथे भाचा वापरतो त्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. जलरंगाच्या वडीवर पाणी टाकलं की वर्षभरानंतरही ती विरघळते. पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग तसा नाही. त्यात प्लास्टिकसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात, दुधात स्निग्धांश तरंगतो तसे. पाणी उडालं की हे थेंब एकमेकांना चिकटून, एकजीव होऊन सलग पापुद्रा बनवतात. त्यानंतर पाणी ओतून उपयोग नाही. दह्याचं परत दूध होत नाही.

म्हणजे टोकावर मणी धरायला लागला की हातात थोडाच वेळ असतो. ओला आहे तोवर ओल्या बोळ्यानं निघतो. कडक झाला की त्यासाठी क्लीनर लागतो.

मात्र ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिलेल्या सगळ्या बाटल्यांमध्ये हाच माल नसतो. वॅलेहोसारखे रंग खरोखर पाण्यातले. तामियाच्या किंवा मिस्टर हॉबीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये अल्कोहोलच्या जातीची द्रावकं असतात. झाकण उघडलं की वासच सांगतो. ते पाण्यातही मिसळतात, म्हणून घोळ होतो. तामियाला आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालतं. तेच पाण्यातल्या रंगात ओतलं तर दुधात लिंबू पिळल्यासारखं होऊ शकतं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. घरात अल्कोहोलची बाटली होती, रंग दाट वाटला, ओतलं. कपात गुठळ्या झाल्या आणि नोझल असं बसलं की फुंकर जाईना. मग मी शहाण्यासारखी शिवणाची सुई घेतली आणि आतून टोचली. नोझलचं तोंड उमललं, अगदी कळीसारखं. नवीन येईपर्यंत तीन आठवडे नौदलाचं काम बंद. (सॅनिटायझर चालेल का, असं भाच्यानं विचारलं होतं. नाही. त्यात ग्लिसरीन असतं, कधी जेलही. कोणत्या रंगाशी त्याचं काय होईल त्याचा नेम नाही.)

## पावसाळ्यात, इतक्या दमट हवेत, वाळेल कसा?

हा आक्षेप गोव्यातल्या माणसालाच सुचतो आणि तो रास्त आहे. ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते. चपला बुरसतात, पापड सादळतात. मग सुईच्या टोकावरच उन्हाळा कुठून आला?

कॉम्प्रेसरमधून आला. टाकीच्या कॉम्प्रेसरमध्ये हवा साधारण चार बारपर्यंत दाबली जाते. बार म्हणजे ढोबळमानानं वातावरणाचा एक दाब. आधीचा एक आणि हे चार, म्हणजे पाचपट. पाच भांडी हवा एका भांड्यात कोंबली, तर तिच्यातली वाफही कोंबली गेली. पण तेवढी वाफ तिथे मावत नाही. हवा निवली की जास्तीची वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. उरलेली हवा बाहेर पडताना पुन्हा पाचपट फुगते, आणि तिच्यातली वाफ तेवढ्याच पटीनं विरळ होते. हिशेब केला तर नोझलमधून सुटणाऱ्या हवेची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास निघते. खिडकीबाहेर मुसळधार, आणि सुईचं टोक मात्र वाळवंटात.

बिनटाकीचा छोटा कॉम्प्रेसर हवा इतकी दाबत नाही, त्यामुळे त्याची हवा एवढी कोरडी होत नाही. पण झोत तो झोतच.

आणि ते टाकीतलं पाणी? ते आपल्याकडे पावसात खरोखर वाटीभर जमतं. टाकीच्या बुडाला चावी असते, ती काम संपल्यावर उघडायची. नळीवर मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे पाणी अडवणारी काचेची किंवा प्लास्टिकची डबी, हवीच. नाहीतर ऐन पंखावर पाण्याचा थेंब थुंकला जातो, रंगात खळगा पडतो आणि दोष रंगावर येतो.

## पाणी घालून पातळ केला की झालं ना?

नवशिक्याला हाच सल्ला मिळतो: "तुंबतोय? अजून पातळ कर." अर्धा खरा आहे. दाट रंग बारीक फटीतून रखडत सरकतो, टोकावर जास्त वेळ बसतो, म्हणून वाळतो. पातळ रंग भराभर निघून जातो. तेव्हा पातळ करायचाच, प्रश्न कशानं हा.

नुसत्या पाण्याच्या दोन अडचणी. एक, पाणी प्लास्टिकवर पसरत नाही, अळवावर राहतं तसं मणी होऊन बसतं. दोन, पाण्यानं रंग पातळ होतो, पण सुकायला लागणारा वेळ म्हणावा तसा वाढत नाही. म्हणून रंगाच्याच कंपनीचा थिनर घ्यावा. त्याच्या जोडीला दोन गोष्टी वापरल्या जातात. फ्लो इम्प्रूव्हर पाण्याचा तो मणी होण्याचा स्वभाव मोडतो. रिटार्डर वाळणं लांबवतो. माझ्या मते या लेखातून एकच बाटली विकत घ्यायची ठरवलीत तर ती रिटार्डरची घ्या. ती मिळेपर्यंत औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन पाण्यातल्या रंगाला चालतं, पण एखादा थेंबच. जास्त झालं तर विमान दोन दिवस चिकट राहतं आणि त्यावर तुमच्या बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

प्रमाण किती? कुंचल्यासाठीचा दाट रंग असेल तर दहा थेंब रंगाला आठ ते दहा थेंब थिनर आणि एक-दोन थेंब रिटार्डर, इथून सुरुवात करा. एअरब्रशसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगाला थिनर बराच कमी लागतो, पण थोडा लागतोच. बाटलीवर ‘तयार’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. तामियाला साधारण निम्मा-निम्मा. पुढे आकडे विसरा आणि कपाची भिंत बघा. कप तिरपा करून सरळ केला की रंग भिंतीवरून दुधासारखा ओघळून खाली यावा आणि मागे पारदर्शक झिरझिरीत थर राहावा. पेजेसारखा चिकटून बसला तर दाट. सोलकढीसारखा सगळाच निथळून गेला, भिंत लख्ख राहिली, तर फार पातळ. हा मॉडेलवर कोळ्याच्या पायांसारखा चहूबाजूंना पळेल.

पाणी वापरायचंच झालं तर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी घ्या. त्याच कपाटात अ‍ॅसिडची बाटलीही असते, लेबल वाचा.

आणखी एक छोटी पण फार कामाची सवय. रंग आणि थिनर वेगळ्या वाटीत कालवून मग कपात ओता, आणि त्याआधी कपात थिनरचे दोन थेंब टाका. कपात आधी निखळ रंग पडला तर तो थेट नोझलच्या तळाशी जाऊन बसतो. वरून कितीही ढवळा, तो तिथून हलत नाही.

## प्रेशर वाढवलं तर?

तात्पुरतं सुटल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात झोत वाढतो, टोक आणखी लवकर वाळतं. शिवाय रंगाचे कण हवेतच सुकून मॉडेलवर रव्यासारखे खरखरीत बसतात. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकला १५ ते २० पीएसआय (हेही दाबाचंच माप, साधारण एक ते दीड बार) पुरतं. त्यात चालत नसेल तर रंग दाट आहे किंवा सुई घाण आहे, प्रेशरच्या नॉबला हात लावू नका.

## ट्रिगरची शिस्त

आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. उलट केलं तर बंद होताना टोकावर एक ओला थेंब राहतो, वाळतो, आणि पुढच्या वेळी हवा सुटताच तो खडा होऊन मॉडेलवर आदळतो. दर झोताची सुरुवात मॉडेलच्या बाहेर करायची, विमानावरून हात न्यायचा, पलीकडे संपवायची.

आणि दर तीन-चार मिनिटांनी टोक पुसायचं. थिनरमध्ये भिजवलेला जुना मऊ कुंचला सुईच्या टोकावरून हलकेच फिरवायचा. इयरबड चालतो, पण त्याचा कापूस सुटतो. भाचा हे करत नव्हता. त्याला वाटत होतं, पुसावं लागणं म्हणजे आपलं काहीतरी चुकलं. अहो, पोळ्या लाटताना पोळपाट पुसतोच की.

## तुंबलाच तर

कपात आपोआप बुडबुडे येत असतील तर हवा उलटी रंगात शिरतेय: नोझल तुंबलंय, सैल बसलंय किंवा चिरलंय. हवा येते पण रंग नाही, तर टोक वाळलंय. फवारा कायम एकाच बाजूला जातो, तर सुईचं टोक वाकलंय. ते नखावरून अलगद ओढून बघा, वाकलेलं असेल तर ओरखडतं. अगदी बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरवर सुई फिरवत ओढली तर थोडं वाकलेलं टोक सरळ होतं.

रंग बदलताना उरलेला ओतून टाका, कप पुसा, पाणी किंवा थिनर घालून स्वच्छ येईपर्यंत फवारा. मग पुढचं तोंड कापडानं दाबून हवा सोडा. ती उलटी जाऊन कपात बुडबुडे काढते आणि आतला रंग सुटतो. याला बॅकफ्लश म्हणतात. कप काठोकाठ भरलेला असताना करू नका, भिंत रंगते. विचारा आमच्या घरात.

दिवसाचं काम संपलं की सुई काढून पुसायची, रोज. पुसताना नेहमी जाड बाजूकडून टोकाकडे. उलट पुसलं तर सुई बोटात जाते आणि टोकही वाकतं. नोझल मात्र मी रोज खोलत नाही. त्याचा आटा केसाएवढा असतो, पान्यानं जरा जास्त आवळलं की तुटतो. आठवड्यातून एकदा काढून क्लीनरमध्ये बुडवलं तरी चालतं. रात्रभर नको, काही क्लीनर धातूवरचा मुलामा खातात. आत काही घालायचंच असेल तर दातांच्या फटींसाठी मिळणारा मऊ ब्रश घाला. शिवणाच्या सुईची गोष्ट वर सांगून झाली आहे.

## एवढा त्रास आहे, तर अ‍ॅक्रिलिक कशाला?

लॅकर, म्हणजे पाण्याऐवजी उग्र द्रावकात कालवलेले रंग, हा त्रास देत नाहीत, हे कबूल करायला हवं. वाळलेलं लॅकर स्वतःच्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळतं, त्यामुळे टोकावर धरलेला मणी मागून येणाऱ्या ओल्या रंगानं थोडाफार सुटत राहतो. पण त्याची वाफ डोक्यात जाते, ती पेट घेते, आणि वास्कोच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आजी शेजारच्या खोलीत झोपलेली असताना ते मारणं बरं नव्हे. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकला म्हणण्यासारखा वास नाही, धुणं सोपं.

वास नाही म्हणजे मास्क नको, असं मात्र नाही. धुरळा फुप्फुसात जातोच, त्याला रंग पाण्यातला आहे की कशातला याच्याशी देणंघेणं नाही. एन-९५ लावा, खिडकी उघडी ठेवा. लॅकर मारणार असाल तर एन-९५ पुरत नाही, वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डबीचा मास्क लागतो.

अ‍ॅक्रिलिकची आणखी एक कमजोरी सांगतो, तुंबण्याशी संबंध नसला तरी. ते उघड्या प्लास्टिकला नीट धरत नाही. आधी भाग भांड्यांच्या साबणानं धुवा, मग प्रायमर. नाहीतर मास्किंग टेप काढताना रंगही टेपबरोबर येतो.

## मग चित्रशाळेतली गन?

पुढच्या रविवारी मूर्तीची चौकशी करायला गेलो तेव्हा भाच्यानं स्वतःच मूर्तिकारांना गनचं माप विचारलं. नोझल १.२ मिलिमीटरचं निघालं. त्याच्या ०.३ च्या चौपट, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ सोळापट. तेवढ्या वाटेतून रंग असा धो धो वाहतो की टोकावर वाळायला थांबतच नाही. शिवाय त्यांचा हात थांबत नव्हता, हे आपण पाहिलंच होतं. भाचा मात्र दर दोन झोतांनंतर विमान हातात घेऊन निरखत बसायचा आणि तेवढ्यात टोक वाळायचं. एवढं करूनही जेवायला उठताना मूर्तिकार गनचं तोंड पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवतात. तो डबा आम्हाला पहिल्या दिवशी दिसला नव्हता.

परतताना त्यानं विचारलं, कॉकपिटमधला पायलट ०.२ च्या नोझलनं जमेल का. मूर्तिकार तेव्हा गन बाजूला ठेवून, मांडी घालून, बारीक कुंचल्यानं डोळे लिहीत होते. भाच्यानं बघितलं आणि प्रश्न तिथेच सोडून दिला.